दुरुस्त करणाऱ्याने आधी बसावं

३ तारीख, सोमवार

कंपनीने जुन्या नोंदवह्या रद्दीत काढल्या. आता सगळं फोनवर भरायचं असतं. त्यातली एक कोरी वही मी मागून घेतली. प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेले आहेत: तारीख, तक्रार, कारण, उपाय, सही. सत्तावीस वर्षं मी लिफ्टबद्दल हे रकाने भरतोय. आज स्वतःबद्दल भरून बघतो.

तक्रार: लिफ्टमध्ये पाय ठेवला की छाती धडधडते, हातांना घाम सुटतो, आणि दार मिटण्याआधी मी बाहेर आलेला असतो.

कारण: आठ महिन्यांपूर्वी एका गोदामाच्या लिफ्टमध्ये पाऊण तास अडकलो. दिवा गेला, फोन लागेना. इतरांना सोडवायला मी जातो. मला सोडवायला कोण येणार, हे त्या अंधारात आठवेना.

उपाय: डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला आणि हृदय घोड्यासारखं आहे म्हणाले. ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण भाग चांगला निघाला म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे, एवढंच आमच्या धंद्यात ठरतं. तो शोधायचा राहिलाच.

सही: एवढ्यात नको.

पोहायला शिकवणाऱ्याने पाण्याला भ्यावं, तसं माझं झालंय. साहेबांना कळलं तर कोठारात बसवून नटबोल्ट मोजायला लावतील. म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही. ही म्हणजे माझी बायको. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. जिने चढायचं मी पोट कमी करायच्या निमित्ताने सुरू केलं, असं तिला सांगितलंय. तिने लगेच मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तीही माझ्याबरोबर जिन्याने येऊ लागली. मलाही चालणं हवंच, म्हणाली. बिचारीला काही संशय नाही.

४ तारीख, मंगळवार

सध्या काम चालू आहे ते सहा मजली इमारतीत. जुनी लिफ्ट, नवे तारेचे दोर, नवा ब्रेक. खरं सांगायचं तर काम गेल्या शुक्रवारीच संपलं. राहिलंय ते फक्त बसून बघणं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मला काम शिकवलं त्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती घालून दिली आणि कंपनीने पुढे नियमात घेतली. दुरुस्त करणाऱ्याने आधी बसावं. वरून खाली, खालून वर, दोनदा, एकट्याने. मग सही. मगच दुसरं माणूस आत. दोर बदलले की हे करावंच लागतं, आणि गोदामानंतर दोर बदलायचं काम हे पहिलंच. मिस्त्री म्हणायचे, ज्या दोरावर तू स्वतः लटकायला तयार नाहीस, त्यावर कुणाच्या आईला लटकवू नकोस.

माझा जोडीदार सतत गुणगुणतो म्हणून सगळे त्याला गवय्या म्हणतात. त्याने आज गाणं थांबवून विचारलं, "काय रे, बोर्ड कधी काढायचा?"

ब्रेक जरा एक दिवस नजरेखाली ठेवू या, म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं, ब्रेककडे बघितलं, आणि परत गुणगुणायला लागला. 'दुरुस्ती चालू आहे' हा बोर्ड मी माझ्या हाताने रंगवलेला आहे. अक्षर छान आलंय. तो तसाच लटकतोय.

५ तारीख, बुधवार

मेहुण्याने मन शांत करणारं ध्वनिमुद्रण पाठवलं. याला कुणी सांगितलं कोण जाणे. हिचा भाऊ आहे, त्याला जगाची काळजी. संध्याकाळी खुर्चीत बसून डोळे मिटले. एक बाई फार गोड आवाजात म्हणाली, खांदे सैल सोडा. सोडले. श्वास सावकाश घ्या. घेतला. खरंच बरं वाटू लागलं. मग ती म्हणाली, आता कल्पना करा, तुम्ही एका लिफ्टमध्ये उभे आहात आणि ती हळूहळू खाली जात आहे. दहावा मजला. नववा मजला.

आठव्या मजल्यावर मी उठून गॅलरीत गेलो.

ही गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसली होती. लॉन्ड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करते, त्यामुळे हल्ली टाचा दुखतात. तिलाही सगळं ऐकू आलं होतं. ती इतकी हसली की घमेल्यातलं पाणी फरशीवर आलं. मीही हसलो. ती का हसतेय ते मात्र मला कळलं नाही. तिच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काय होतं?

७ तारीख, शुक्रवार

साहेबांचा फोन. सहाव्या मजल्यावरून तक्रार आहे की लिफ्ट खडखडते, जाऊन बघा. बंद असलेली लिफ्ट खडखडते कशी? तरी सहा मजले चढून गेलो.

दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ, पांढरेशुभ्र केस, एक हात चौकटीवर. निवृत्त शिक्षिका आहेत, गणित शिकवायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. माझ्या खांद्यापाशी कुठेतरी बघत त्यांनी मला आत घेतलं, न चाचपडता ओट्यापाशी गेल्या आणि एक थेंब न सांडता चहा केला.

मी म्हणालो, "बाई, लिफ्ट तर बंद आहे."

"मग चालू कराल तेव्हा खडखडेल," बाई म्हणाल्या. "आधीच सांगून ठेवलं."

कितवीपर्यंत शिकलास, हे त्यांनी दुसऱ्याच घोटाला विचारलं. गावच्या शाळेत दहावी, म्हणालो. तेरा सत्ते? एक्क्याण्णव, म्हणालो. मान हलवून त्यांनी मला बिस्कीट दिलं. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण ते बिस्कीट मला कमावल्यासारखं लागलं.

गवय्याला सांगितलं, म्हातारपणी कान वाजतात, दुसरं काय.

८ तारीख, शनिवार

आज सुट्टी. पहाटे उठून थोडा वेळ नुसता बसलो.

वडील फार देवधर्म करणारे नव्हते. शेतावरून आले की हातपाय धुवायचे, दाराला कडी घालायचे आणि कडीवर हात ठेवूनच म्हणायचे, "तू आहेस ना, मग झालं." हीच त्यांची प्रार्थना. मागणं नाही, तक्रार नाही. लहानपणी मला वाटायचं, ते कडीशीच बोलतात.

मीही रोज तेच म्हणतो. गेले आठ महिने जरा जास्तच म्हणतो. पण माझ्या म्हणण्यात 'ना' वर जोर येतो. आहेस ना? नक्की ना? वडिलांचं तसं नव्हतं. ते सांगायचे. मी विचारतो.

जिना चढताना एक प्रयोग केला. चार पायऱ्या श्वास आत, चार पायऱ्या बाहेर. दुसऱ्या मजल्यापर्यंत मन निवांत झालं. मागून हिचा आवाज आला, "अहो, जरा दम खाऊ या का?" तिच्यासाठी थांबलो. तिने कठड्याला धरून एक चप्पल काढली, टाच दाबली, परत घातली. कामावर चांगली चप्पल घालत जा, असं तिला सांगितलं.

१० तारीख, सोमवार

लिफ्टमधला लाल फोन उचलला की आमच्या भागात तो माझ्याकडे वाजतो. आज दुपारी वाजला. एका कार्यालयात एक तरुण मुलगी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली होती. श्वास लागलेला, शब्द फुटत नव्हता.

घाबरू नका, असं मी अशा वेळी कधीच म्हणत नाही. सांगून भीती जात असती तर कुणी घाबरलंच नसतं. मी काम सांगतो. खाली बसा. पाठ भिंतीला टेका. बूट काढा. तळपाय फरशीवर ठेवा. आता मला सांगा, फरशी गार लागते की कोमट? गार, ती म्हणाली. कुठे जास्त गार, टाचेला की बोटांना? तिने नीट विचार करून सांगितलं, टाचेला. तोवर श्वास जाग्यावर आला होता. मी आहे ना फोनवर, म्हणालो. दार उघडेपर्यंत मी इथेच आहे. वीस मिनिटांत गवय्याने दार उघडलं, तेव्हा ती मला तिच्या मांजराबद्दल सांगत होती.

गवय्या म्हणाला, "तू एकदा स्वतःला फोन लाव."

हसलो. त्याला काय, तोंडाला येईल ते बोलतो.

११ तारीख, मंगळवार

आज वाईट वाटलं.

बाईंची भाची भेटली, जिन्यात, किराणा घेऊन चढत होती. तिच्याकडून कळलं. बाईंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया एकोणीस तारखेला आहे. आधी दोनदा पुढे ढकलली आहे. डॉक्टर म्हणालेत, आता आणखी थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल आणि मग आमच्याही हातात फार राहणार नाही. गुडघ्यांमुळे बाईंना जिना उतरता येत नाही. खुर्चीत बसवून उचलून न्यायचं म्हटलं तर बाई म्हणतात, मी सामान नाही.

"लिफ्ट तेवढी वेळेत होईल ना हो?" तिने विचारलं.

होईल, म्हणालो. ती लिफ्ट अकरा दिवस झाली तयार आहे. माझा बोर्ड लटकतोय म्हणून एक बाई सहाव्या मजल्यावर अडकली आहे. आणि मी इकडे घरी बसून श्वास मोजतोय.

दुपारी फोनवर सहीचा रकाना उघडला. बोट टेकवलं की झालं असतं. कुणी बघायला येत नाही. पण मिस्त्री आठवले, आणि त्याहून वर जो बघतो तो आठवला. फोन खिशात ठेवला. मग दार उघडून केबिनमध्ये उभा राहिलो. नऊ सेकंद. बाहेर आलो.

१२ तारीख, बुधवार

दोनदा. अकरा सेकंद आणि सात सेकंद.

१३ तारीख, गुरुवार

सांगून टाकलं. हिला नाही, साहेबांना नाही. बाईंना.

त्यांनी लिफ्टबद्दल विचारलं, मी ब्रेकचं काहीतरी सुरू केलं, आणि मधेच थांबलो. गणिताच्या बाईंसमोर खोटं उत्तर देता येत नाही. त्या लगेच कसं आलं ते विचारतात. म्हणालो, बाई, लिफ्ट ठीक आहे. मी ठीक नाही. गोदाम, अंधार, बोर्ड, सगळं सांगितलं. तुम्ही माझ्यामुळे अडकलाय, हेही.

त्या रागावतील असं वाटलं होतं. बराच वेळ त्या कपाची कड बोटाने चाचपत राहिल्या.

"म्हणजे लिफ्ट अजिबात बिघडलेली नाही?"

"अजिबात नाही."

"अरे देवा," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. साहजिक आहे, एवढे दिवस फुकट गेले.

मग मात्र त्यांच्यातल्या शिक्षिकेने ताबा घेतला. मोठा भागाकार मुलांना एकदम देत नाहीत म्हणाल्या. उद्या फक्त सहावा ते पाचवा. मी वर दारात उभी राहून हजेरी घेईन. माझा आवाज बंद दारातूनही जातो, चाळीस वर्षं मागच्या बाकापर्यंत गेलाय.

"हजेरी नंबर काय होता तुझा शाळेत?"

"सतरा."

"बरं, सतरा. उद्या दहा वाजता. उशीर चालणार नाही."

१४ तारीख, शुक्रवार

सहावा ते पाचवा. दार मिटलं आणि छातीत ढोल सुरू झाला. वरून आवाज आला, "सतरा!"

"हजर," मी म्हणालो.

"ऐकू आलं नाही."

"हजर, बाई."

तेवढ्यात पाचवा आला. जिन्याने वर गेलो. बाईंनी बिस्कीट दिलं. परत एकदा केलं. दुसऱ्या वेळी ढोल होता, पण त्याच्या जोडीला मी नंबर ऐकायला कान लावून होतो. एका वेळी दोन गोष्टींकडे नीट लक्ष देता येत नाही असं दिसतं.

पाचव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दार उघडून विचारलं की शाळा सुरू झाली का. हो, म्हणालो.

१५ तारीख, शनिवार

सुट्टी असून गेलो. सहावा ते तिसरा. 'तू आहेस ना, मग झालं' हे श्वासाबरोबर म्हटलं: पहिला भाग आत, दुसरा बाहेर. चौथ्याला एकदा जीव घाबरा झाला. मग लक्षात आलं, मी दुसरा भाग विसरून पहिलाच पुन्हा पुन्हा म्हणत होतो आणि श्वास नुसता आत घेत होतो. माणूस असा फुगा झाला तर दुसरं काय होणार? बाहेर सोडला. तिसरा आला.

हिला संध्याकाळी सांगावंसं वाटलं. ती पाय शेकत होती, डोळे मिटून. दमलेल्या माणसाला कशाला आपली रडगाणी, म्हणून राहिलो.

१७ तारीख, सोमवार

वरून खाली, खालून वर, दोनदा, एकट्याने. वेळ लिहून ठेवतो: सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

आनंदात नाचलो वगैरे नाही. छाती धडधडतच होती. पण ती धडधडत असताना मी मजले मोजले, दाराच्या रोलरचा आवाज ऐकला, तिसऱ्याला किंचित हिसका बसतो तो नोंदवला. म्हणजे धडधड आणि मी, दोघेही कामावर होतो.

गवय्याने बोर्ड काढला. मी सही केली. तो म्हणाला, "सतरा दिवस तो ब्रेक बघून बघून माझ्या स्वप्नात यायला लागला होता." म्हणजे काय, विचारलं. काही नाही, म्हणाला, आणि गायला लागला.

बाईंना सांगायला गेलो. त्यांनी अभिनंदन केलं, बिस्किटांचा डबाच पुढे केला. मग म्हणाल्या, "पण सतरा, आवाज येतोय हं. खडखड."

१८ तारीख, मंगळवार

बाईंच्या तीन तक्रारी. सकाळी: खडखड. दुपारी: लिफ्ट तिसऱ्याला हिसका देते, तूच म्हणालास. चार वाजता: आत तेलाचा वास येतो, आणि मला वासाने मळमळतं. भाचीचा आवाज फोनवर रडवेला होता. उद्या सकाळी नऊला टॅक्सी येणार आहे.

मी रोलर बदलला. हिसका घालवला. केबिन साबणाने पुसली. काहीच खडखडत नव्हतं. घरी येऊन हिला म्हणालो, म्हाताऱ्या माणसाला कसं पटवावं? चांगली लिफ्ट आहे, स्वतः बसून बघितली मी.

ही एकदम माझ्याकडे वळली. "तुम्ही बसलात?"

"बसलो. नियमच आहे तसा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग उगाच स्वयंपाकघरात जाऊन दोनदा तेच पातेलं विसळलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल दिसत होते. कांदा चिरत होती बहुतेक.

"लिफ्टला दोष काढणारा माणूस नेहमी लिफ्टबद्दलच बोलत असतो असं नाही," ती म्हणाली. "उद्या त्यांच्याबरोबर बसा."

ही कधी कधी फार खोल बोलते.

१९ तारीख, बुधवार

सविस्तर लिहितो.

नऊला टॅक्सी खाली, भाची टॅक्सीपाशी. मी वर. बाई तयार होत्या: इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी, पायात बूट. पण दारातून हलेनात. खडखड, म्हणाल्या. मी म्हणालो, बाई, मी येतो बरोबर. आज हजेरी मी घेतो.

आत आल्या. एका हाताने माझं मनगट धरलं, दुसऱ्याने बटणांची पट्टी. दार मिटलं. पाचवा गेला. चौथा गेला. आणि लिफ्ट थांबली.

चौथ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. दिवा होता, पण मला तो क्षणभर दिसला नाही. गोदाम आलं. कानात समुद्र. मोटर गेली, ब्रेक बसला, दोर सरकला, दाराचा संपर्क तुटला, फ्यूज. सत्तावीस वर्षांत पाहिलेले सगळे बिघाड एकदम रांगेत उभे राहिले. लाल फोन समोर होता. तो उचलला असता तर माझ्याच खिशात वाजला असता.

"थांबली का रे?" बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज कुठे गेला कळेना.

माझ्या तोंडून शब्द निघाले. मी ठरवून बोललो नाही. खाली बसा, बाई. पाठ भिंतीला टेका. मी त्यांना धरून बसवलं आणि शेजारी बसलो. बूट काढा. त्यांना वाकता येईना, मी बुटांच्या नाड्या सोडल्या. माझेही काढले. दोघांचे चार पाय त्या धुतलेल्या फरशीवर.

"गार लागते की कोमट?"

"गार," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डाव्या पायाला जास्त."

मलाही डाव्यालाच जास्त लागत होती. तिकडून दाराच्या फटीतून वारा येत होता.

मग त्या बोलल्या. चार महिन्यांपूर्वी खाली रस्त्यावर त्या पडल्या होत्या. पायरी दिसली नाही. ज्याने उचललं तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला, आणि त्याने ओळख सांगितली तरी त्यांना त्याचा चेहरा दिसेना. वर मला सगळं पाठ आहे, म्हणाल्या. ओटा नऊ पावलं, खिडकी चौदा. खाली गेलं की मला काहीच येत नाही. ज्या बाईने सगळ्यांना उत्तरं विचारली, तिला काहीच येत नाही.

"लिफ्ट बंद होती तेव्हा मी फार सुखात होते रे," त्या म्हणाल्या. "तू बोर्ड लावलास, मी मनात तुझे आभार मानायची."

दोघांनी मिळून एका चांगल्या लिफ्टला आजारी पाडलं होतं.

बाई म्हणाल्या, "आता काय?"

"आता काही नाही. बसायचं."

"तू आहेस ना?"

"आहे."

"मग झालं," बाई म्हणाल्या, आणि डोकं भिंतीला टेकवलं.

वडिलांचे शब्द त्यांना कुठून माहीत असणार? मी सांगितलेले नव्हते. साधे शब्द आहेत, कुणीही म्हणेल. पण मी तिथे बसून ते ऐकले, आणि आठ महिने मी ज्याला विचारत होतो, त्याने तेवढ्या जागेत उत्तर दिल्यासारखं वाटलं. म्हणजे तोही असाच कुठेतरी आपल्याशेजारी फरशीवर बसत असेल, बूट काढून.

छाती शांत झाली होती. केव्हा झाली ते बघायचं राहिलं.

मग मी मान वर केली, आणि बटणांच्या पट्टीवर तळाशी लाल बटण दिसलं. आत दाबलेलं. बाईंनी पट्टी धरली होती तेव्हा अंगठा नेमका त्यावर पडला होता. थांबवायचं बटण दाबलं की लिफ्ट थांबते. शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगतात. सत्तावीस वर्षं धंद्यात मुरलेल्या मिस्त्रीने मोटरपासून फ्यूजपर्यंत सगळं तपासलं, बटण सोडून.

सांगितलं. बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या. दोघेही हसलो, बूट हातात घेऊन. बटण ओढलं, लिफ्ट निघाली. खाली दार उघडलं तेव्हा भाचीला तिची मावशी आणि लिफ्टवाला अनवाणी, डोळे पुसत, हसताना दिसले. तिने नुसती मावशीच्या हातातली पिशवी घेतली.

टॅक्सीपर्यंत बावीस पावलं होती. बाईंनी मोजून पाठ केली.

संध्याकाळी आमच्या इमारतीत आलो. ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती, नेहमीसारखी माझी वाट बघत. मी म्हणालो, आज लिफ्टने जाऊ. पोट बरंच कमी झालंय.

आत आल्यावर चारचं बटण तिनेच दाबलं, आणि वर पोहोचेपर्यंत माझी बाही धरून ठेवली. लिफ्टची भीती तिलाही वाटते की काय, एकदा विचारायला हवं.

२१ तारीख, शुक्रवार

बाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. भाचीबरोबर घरी आल्या, लिफ्टने. मी मुद्दाम सहाव्या मजल्यावर काहीतरी काम काढून थांबलो होतो. त्यांनी मला लिफ्टच्या दारातून नीट न्याहाळलं, पहिल्यांदाच.

"सतरा?"

"हजर."

"अरे, तुझे तर केस पिकलेत," बाई म्हणाल्या. "मी इतके दिवस पोराशी बोलल्यासारखी बोलत होते."

चालेल, म्हणालो. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. तारीख त्यांनी स्वतः फोन करून घेतली. आणि जाता जाता सांगितलं की केबिनचा कोपरा नीट पुसलेला नाही, आता त्यांना दिसतंय.

२३ तारीख, रविवार

गेले तीन-चार दिवस घमेलं मोरीत पालथं पडलेलं आहे. आज हिला विचारलं, पाय शेकत नाहीस हल्ली? दुखत नाहीत आता, म्हणाली, आणि हसली. इतक्यात फरक पडला, बरं झालं. लॉन्ड्रीत बसायला खुर्ची दिली असेल. उद्या तिच्या मालकिणीला भेटून आभार मानून येतो.

दाराला कडी घातली. त्यावर हात ठेवून वडिलांचं वाक्य म्हटलं. ही मागून म्हणाली, "आहे ना मी, कुठे जातेय?" मी देवाशी बोलत होतो, हे तिला सांगितलं नाही.

पहिल्या पानावर सहीचा रकाना रिकामा होता. तो आज भरला.